५८८ नॅनोमीटरचा पिवळा रामन लेसर: मोठा डायोड घेण्याआधी गळती बघा

पिवळ्या लेसरला सरळ वाट नाही. लाल, निळे आणि हिरवेही डायोड मिळतात, पण ५७० ते ६०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात वॉटभर शक्ती थेट देणारा डायोड बाजारात नाही. म्हणून इथे आजवर आडवाटांचीच गर्दी झाली. रोडामाइनचे डाय लेसर होते, ५७८ नॅनोमीटरची रेषा देणारे कॉपर व्हेपर लेसर होते (ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात त्यांच्यावर बरंच काम झालंय), आणि काही मिलिवॉटवर थांबणारा ५९४ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन होता. या सगळ्यांपेक्षा आटोपशीर वाट म्हणजे डायोडने पंप केलेला, म्हणजे डायोडच्या प्रकाशाने ऊर्जा पुरवलेला, घनावस्था रामन लेसर. डाय सांडत नाही, भट्टी तापवावी लागत नाही, आणि हेड, म्हणजे लेसरची मुख्य पेटी, तळहाताएवढं होऊ शकतं.

हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, एका मांडणीचं आहे: निओडिमियम मिसळलेलं यट्रियम व्हॅनाडेटचं एकच क्रिस्टल, जे लेसरचं आणि रामनचं अशी दोन्ही कामं करतं, शेजारी प्रकाशाची वारंवारता दुप्पट करायला एलबीओ (लिथियम ट्रायबोरेटचं क्रिस्टल), टोकाला एक अंतर्वक्र आरसा, आणि मागून फायबरमधून येणारा ८०८ नॅनोमीटरचा पंप. तयार हेड घ्या किंवा क्रिस्टल आणि आरसे वेगळे मागवून टेबलावर बांधा, गुणदोष तेच राहतात.

निकाल आधीच सांगतो. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शीसाठी किंवा पेशी मोजणाऱ्या यंत्रासाठी वॉट-दोन वॉट पिवळा हवा असेल तर ही मांडणी घेण्यासारखी आहे. मात्र पत्रकात डायोडची शक्ती मोठी आणि कोटिंगबद्दल एक ओळ, असा प्रकार असेल तर पुढे जाऊ नका. या लेसरमध्ये कार्यक्षमता डायोडने येत नाही, कोटिंग आणि थंडाव्याने येते.

आकडे काय सांगतात

८०८ नॅनोमीटरचा पंप क्रिस्टलमध्ये शोषला जातो आणि १०६४ नॅनोमीटरचा किरण सुरू होतो. आरसे त्याला बाहेर पडू देत नाहीत, त्यामुळे आत त्याची शक्ती वाढत जाते. पुरेशी वाढली की व्हॅनाडेटची जाळी तिचं कंपन, ८९० प्रति सेंटिमीटर एवढं, त्यातून काढून घेते आणि ११७५ ते ११७६ नॅनोमीटरचा स्टोक्स किरण जन्मतो. तोही आतच कोंडलेला असतो. एलबीओ त्याची वारंवारता दुप्पट करतो आणि ५८८ नॅनोमीटरचा पिवळा बाहेर येतो.

हे उत्तेजित रामन प्रकीर्णन. रामन आणि कृष्णन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात जो परिणाम पाहिला त्याचंच हे दांडगं रूप. ते १९६२ मध्ये वुडबरी आणि एन्‌जी यांना जवळजवळ योगायोगानेच सापडलं: रूबी लेसरमध्ये नायट्रोबेंझीनचा शटर लावला आणि ७६७ नॅनोमीटरला एक आगंतुक रेषा दिसली.

कार्यक्षमतेची कमाल मर्यादा तरंगलांब्यांच्या गुणोत्तरातून निघते. ८०८ चा फोटॉन ११७६ चा झाला की ऊर्जेतले जास्तीत जास्त ६८.७ टक्के उरतात. दुप्पट करताना तत्त्वतः काही जात नाही. म्हणजे डायोडच्या १०० वॉटमागे सुमारे ६९ वॉट पिवळा ही निसर्गाची परवानगी. प्रत्यक्षात साधं हेड १० टक्क्यांच्या आसपास घुटमळतं, आणि नीट बांधलेल्या प्रयोगशाळेतल्या मांडण्या २० टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत. मधली सगळी तफावत कुठे जाते हाच या परीक्षणाचा मुख्य भाग आहे.

अर्ध्या टक्क्याचा खेळ

व्हॅनाडेटचा रामन लाभांक (स्टोक्स किरण वाढवण्याची ताकद) १०६४ नॅनोमीटरला साधारण ४.५ सेंटिमीटर प्रति गिगावॉट. आकडा भरघोस वाटतो, पण गणित करून बघा. क्रिस्टल २० मिलिमीटर, किरणाची त्रिज्या १५० मायक्रोमीटर, आणि आत एका दिशेने १०० वॉट फिरतायत असं धरा. जाताना आणि येताना अशा दोन्ही दिशांचा १०६४ मदतीला घेतला तरी स्टोक्स किरणाला एका पूर्ण फेरीत मिळणारी वाढ फक्त ०.५ टक्के येते.

आता खर्चाची बाजू. क्रिस्टलच्या बाहेरच्या तोंडावरच पूर्ण परावर्तक कोटिंग आहे असं समजू. मग कॅव्हिटीत, म्हणजे दोन टोकांच्या परावर्तकांमधल्या जागेत, मधे येणारी तोंडं तीन: व्हॅनाडेटचं आतलं एक आणि एलबीओची दोन. प्रत्येक तोंड फेरीत दोनदा ओलांडलं जातं. प्रत्येक ओलांडणीला ०.१ टक्का गेला तर सहा ओलांडण्यांचे ०.६ टक्के झाले, म्हणजे १०० वॉट आत फिरत असूनही स्टोक्स सुरूच होणार नाही. तेच कोटिंग ०.०३ टक्क्यांचं असेल तर खर्च ०.१८ टक्क्यांवर येतो. ‘एआर (परावर्तन रोखणारं) कोटिंग ०.२ टक्क्यांपेक्षा कमी’ हे नेहमीच्या हिरव्या लेसरला पुरेसं असणारं वाक्य इथे म्हणूनच चालत नाही.

याचा दुसरा परिणाम लोकांच्या लक्षात कमी येतो. स्थिर चालू असताना आतल्या १०६४ ची शक्ती स्टोक्सच्या एकूण खर्चावर ठरते, पंपावर नाही. स्टोक्सचा खर्च (गळती आणि दुप्पट होण्यात जाणारा भाग मिळून) १ टक्का असेल तर वरच्या हिशेबाने १०६४ साधारण २०० वॉटवर येऊन थांबतो. २ टक्के असेल तर ४००. १०६४ ची स्वतःची गळती ०.७ टक्के धरली तर पहिल्या बाबतीत १.४ वॉट वाया जातात, दुसऱ्यात २.८. म्हणजे स्टोक्स किरणाची एक वाईट कोटिंग दोनदा वसूल करते. एलबीओ जास्त लांब घेतला की पिवळा वाढेल, हा समजही इथेच कोसळतो: दुप्पट करणं हाही स्टोक्सच्या दृष्टीने खर्चच आहे, तो अवाजवी वाढला की १०६४ ची शक्ती चढते आणि तिची गळती वाढते. ८ ते १० मिलिमीटर एलबीओ बहुतेक वेळा पुरतो.

आरशांबद्दल: १०६४ आणि ११७६ या दोन्हींना परावर्तन ९९.९ टक्क्यांपेक्षा जास्त, शक्यतो ९९.९८ च्या घरात, आणि पुढच्या आरशातून ५८८ ला पारगमन ९५ टक्क्यांच्या वर. मोजलेला आलेख मागा, डिझाइनचा आलेख नव्हे. १०६४ ला उत्कृष्ट आणि ११७६ ला ९९.५ असलेला आरसा दिसायला सारखाच असतो आणि लेसर मारून टाकतो. त्याच आलेखात १३१३ आणि १३४२ नॅनोमीटरही बघून घ्या. पहिला दुसऱ्या स्टोक्सचा, दुसरा व्हॅनाडेटच्याच दुसऱ्या लेसर रेषेचा. तिथे परावर्तन जास्त असेल तर शक्ती तिकडे पळते आणि पिवळा एका पातळीनंतर वाढायचा थांबतो.

वेगळं रामन क्रिस्टल (केजीडब्ल्यू, म्हणजे पोटॅशियम गॅडोलिनियम टंगस्टेट, वगैरे) घातलं की तोंडं पाच होतात आणि ओलांडण्या दहा. एकाच क्रिस्टलकडून दोन्ही कामं करून घेण्याचं खरं कारण स्वस्ताई नाही, ही बेरीज आहे.

मागे जाणारा पिवळा

सरळ रेषेतल्या कॅव्हिटीत एलबीओ पिवळा दोन्ही दिशांना तयार करतो. पुढे जाणारा आरशातून बाहेर पडतो. मागे जाणारा व्हॅनाडेटमध्ये शिरतो, आणि निओडिमियमचं एक जोरदार शोषण नेमकं ५८० ते ६०० नॅनोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तयार झालेला जवळजवळ अर्धा माल आपल्याच गोदामात जळतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. समजा पुढे ३ वॉट पिवळा मिळतोय आणि मागे तेवढाच क्रिस्टलमध्ये शोषला जातोय. २५ वॉट पंपाची ८०८ ते १०६४ या उडीत होणारी उष्णता सुमारे ६ वॉट. त्यात हे ३ वॉट मिळाले की थर्मल लेन्स (तापलेलं क्रिस्टल भिंगासारखं वागतं तो परिणाम) दीडपट जोरात. रामनच्या प्रक्रियेत जाळीला मिळणारी उष्णता याच्यापुढे किरकोळ आहे: स्टोक्सच्या प्रत्येक ५ वॉटमागे अर्धा वॉट.

उपाय जुना आहे आणि तरीही पुष्कळ हेडमध्ये नसतो: व्हॅनाडेट आणि एलबीओच्या मधे ५८८ ला पूर्ण परावर्तन आणि १०६४, ११७६ ला पूर्ण पारगमन देणारा थर. तो वेगळ्या काचेवर घातला तर आणखी दोन तोंडं वाढतात आणि वरच्या बेरजेत ०.१ च्या कोटिंगला आणखी ०.४ टक्के जातात. तोच थर व्हॅनाडेटच्या आतल्या तोंडावर घातला तर एकही तोंड वाढत नाही. तैवानमधल्या गटांनी अलीकडच्या वर्षांत नेमका हाच मार्ग धरून पिवळ्या-नारिंगी रामन लेसरची कार्यक्षमता वर नेली. आमच्या मते या वर्गातलं हेड निवडताना पहिला प्रश्न हाच असावा: मागचा पिवळा कुठे वळवला आहे? विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही, तर उत्तर मिळालं असं समजा.

एक मेख आहे. एका तोंडावर तीन तरंगलांब्यांचं कोटिंग म्हणजे थर जास्त, आणि १०६४ ची गळती थोडी वाढू शकते. ०.०५ टक्क्यांच्या आत असेल तर सौदा फायद्याचा. शिवाय परत वळलेला पिवळा आणि मूळ पुढचा पिवळा एकमेकांवर पडतात. आरसा आणि हे तोंड नीट समांतर नसेल तर बाहेर एकाऐवजी दोन ठिपके दिसतात. दोन मीटरवर कागद धरून ते तपासता येतं.

उष्णता, आणि मुंबईचा पावसाळा

पंपाची तरंगलांबी ८०८ वरून ८८० कडे नेली की १०६४ पर्यंतच्या उडीत वाया जाणारा भाग २४ टक्क्यांवरून १७.३ टक्क्यांवर येतो. तेवढ्याच शोषलेल्या शक्तीला उष्णता २८ टक्क्यांनी कमी. हा या वर्गातला सर्वांत प्रामाणिक सुधार आहे. त्याची किंमत अशी की ८७९-८८० च्या आसपासचं शोषण दुबळं आणि अरुंद असतं. साधा डायोड दर अंश सेल्सिअसला ०.३ नॅनोमीटर सरकतो. पाच अंश बदलले की दीड नॅनोमीटर, आणि पंपाचा मोठा हिस्सा क्रिस्टलमधून आरपार. त्यामुळे तरंगलांबी ग्रेटिंगने बांधलेला डायोडच घ्यावा आणि क्रिस्टल लांब ठेवावं. ८०८ वर राहायचं असेल तर डायोडचं तापमान शोषण सर्वाधिक होईल असं लावून ठेवा: क्रिस्टलच्या मागे पॉवरमीटर धरायचा, आरपार येणारा पंप कमीत कमी होईपर्यंत डायोडचं तापमान अर्ध्या-अर्ध्या अंशाने हलवायचं. हे काम प्रत्यक्षात वापरायच्या करंटवर करावं, कमी करंटवर केलं तर पूर्ण शक्तीला तरंगलांबी पुन्हा सरकलेली असते.

क्रिस्टल निवडताना निओडिमियमचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आसपास आणि पंपाच्या बाजूला बिनमिसळीच्या व्हॅनाडेटचा जोडलेला तुकडा, ही जोडी चांगली. बिनमिसळीचा भाग पंप शोषत नाही पण उष्णता ओढून घेतो, तोंडाचा फुगवटा कमी होतो आणि रामनसाठी लांबीही मिळते. १ टक्का निओडिमियमचं आखूड क्रिस्टल स्वस्त असतं. ते हिरव्या पॉइंटरला ठीक, इथे २० वॉट पंपाला तडकायची भीती.

बसवताना क्रिस्टल ०.१ मिलिमीटर इंडियमच्या पत्र्यात गुंडाळून तांब्याच्या ठोकळ्यात. चारही बाजूंना सारखा दाब हवा. एका बाजूने जास्त आवळलं की थर्मल लेन्स लंबगोल होते आणि पिवळा ठिपका आडवा पसरतो. पंप वाढवत गेल्यावर पिवळा आधी वाढून मग खाली येऊ लागला तर दोष बहुधा थर्मल लेन्सचा, डायोडचा नव्हे. ५० मिलिमीटर कॅव्हिटी आणि १०० मिलिमीटर त्रिज्येचा आरसा घेतला तर थंड अवस्थेत १०६४ च्या किरणाची कमर सुमारे १३० मायक्रोमीटर येते. थर्मल लेन्स वाढली की ती बदलते, पंपाच्या ठिपक्याशी जुळत नाही, आणि शेवटी कॅव्हिटी अस्थिर होते. कॅव्हिटी आखूड करणं हा पहिला इलाज, पंपाचा ठिपका जरा मोठा करणं हा दुसरा.

पत्रकात ‘१८ अंश पाणी’ लिहिलेलं असतं. २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेच्या एसी खोलीत दवबिंदू १४-१५ अंशांवर असतो, तेव्हा हे ठीक. पण मुंबईत किंवा कोकणपट्टीत पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२६ अंशांवर जातो. रात्री एसी बंद झाला आणि चिलर चालू राहिला की क्रिस्टलच्या तोंडावर पाणी धरतं. सकाळी तसाच पंप दिला की कोटिंगवर डाग पडतो, आणि अर्ध्या टक्क्याच्या हिशेबात डागाला जागा नाही. एसी आणि चिलर एकाच रिलेवर बांधा, किंवा हेड बंद पेटीत कोरड्या नायट्रोजनखाली ठेवा. दोन्ही जमत नसेल तर पाणी २७-२८ अंशांवर चालवा. थोडा पिवळा कमी मिळेल, क्रिस्टल वाचेल.

एलबीओचं तापमान

एलबीओ बिनतिरप्या पद्धतीने, म्हणजे किरण त्याच्या एक्स अक्षावरून नेऊन वापरला तर तापमानावर रंग ठरतो. १०६४ ला दुप्पट करून ५३२ हिरवा हवा तर सुमारे १४९ अंश, १०६४ आणि ११७६ ची बेरीज करून ५५९ चा पोपटी हवा तर ९० च्या घरात, आणि ५८८ साठी ४० ते ५० च्या दरम्यान. एलबीओ ज्यात बसतो त्या ओव्हनचं तापमान बदलून एकाच हेडमधून तीन रंग काढता येतात. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या गटाने हे गॅडोलिनियम व्हॅनाडेटवर फार सुंदर दाखवलं होतं. खरेदीदाराला ही सोय फुकट मिळते असं मात्र नाही, पुढच्या आरशाचं पारगमन तिन्ही रंगांना हवं.

दिशा चुकवू नका. ए-कट (ए अक्षाला काटकोनात कापलेल्या) व्हॅनाडेटमध्ये १०६४ आणि ११७६ दोन्ही त्याच्या सी अक्षाला समांतर ध्रुवित असतात. एलबीओचा झेड अक्ष त्या सी अक्षाला समांतर ठेवायचा. पिवळा मग काटकोनात ध्रुवित होऊन बाहेर पडतो. एलबीओ नव्वद अंशांनी फिरलेला बसला तर सगळं सुरळीत चालेल, फक्त पिवळा येणार नाही.

ओव्हन ०.१ अंशापर्यंत स्थिर हवा आणि तापवण्याचा वेग मिनिटाला २-३ अंशांच्या पुढे नको. एलबीओ एका अक्षावर तापल्यावर प्रसरण पावतो आणि दुसऱ्यावर चक्क आकुंचन. त्यामुळे घाईत तडा जातो किंवा कोटिंगचे पापुद्रे निघतात. ओलावाही थोडा शोषतो. म्हणून हेड वापरात नसतानाही ओव्हन ४० अंशांवर चालू ठेवणं शहाणपणाचं, त्याला लागणारी वीज नगण्य आहे.

सुरुवात करायची रीत अशी. पंप ३-४ वॉटवर ठेवून १०६४ ची गळती आयआर (अवरक्त किरण दाखवणाऱ्या) कार्डावर बघत आरसा लावा. एलबीओ मुद्दाम जुळणीपासून दूर ठेवा. मग पंप वाढवत ११७६ शोधा. इथे एक नेहमीची फसगत होते: सिलिकॉनचा स्पेक्ट्रोमीटर ११०० नॅनोमीटरच्या आसपास आंधळा होतो, त्याला ११७६ दिसतच नाही, आणि माणूस चालू असलेला स्टोक्स बंद आहे असं समजून चांगला लावलेला आरसा हलवतो. इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर नसेल तर विखुरलेला मंद पिवळा हीच खूण धरा. स्टोक्स सापडला की एलबीओ सावकाश ४०-४५ कडे न्या. पूर्ण पंपावर गेल्यावर आरसा आणि ओव्हनचं तापमान दोन्ही पुन्हा लावावं लागतं, कारण एलबीओ आतल्या प्रकाशाने स्वतःही थोडा तापतो. ओव्हनचा आकडा एखाद-दुसरा अंश खाली घ्यावा लागणं नेहमीचं.

दहा-पंधरा मिनिटांत पिवळा हळूहळू कमी होत असेल तर आधी ओव्हन. एकदम पडला तर कोटिंगवर धूळ जळलेली असू शकते. ठिपका मधे पोकळ झाला तर आरसा. आणि बाहेर पोपटी झाक दिसली तर एलबीओचं तापमान चुकलंय, ५५९ ची बेरीज होतेय.

वर्णपटाची एक छुपी अडचण

व्हॅनाडेटची रामन रेषा सुमारे ३ प्रति सेंटिमीटर रुंद. १०६४ चा वर्णपट तिच्यापेक्षा अरुंद असेल तोवरच पूर्ण लाभांक मिळतो. पण रामन चालू झालं की ते १०६४ च्या सर्वांत जोरदार भागालाच खातं, बाजूचे भाग वाढतात, वर्णपट पसरतो आणि परिणामी लाभांक घसरतो. जास्त पंपाला पिवळा सपाट होण्याचं हे दुसरं कारण आहे, आणि थर्मल लेन्सच्या माथी उगाच मारलं जातं. पातळ एटॅलॉन (ठरावीक तरंगलांब्याच पुढे सोडणारी काचेची चकती) घालून पसरण रोखता येते, पण तोंडं दोन वाढतात. तयार हेडमध्ये ही उठाठेव विक्रेत्याने केलेली असेल तरच घ्या. स्वतः बांधताना हा शेवटचा प्रयोग ठेवा.

विक्रेत्याचा वॉट आणि आपला वॉट

थर्मल पॉवरमीटर रंग ओळखत नाही. पुढच्या आरशातून १०६४ आणि ११७६ थोडे गळतातच: आत ३०० वॉट फिरत असतील आणि आरशाचं पारगमन ०.०५ टक्के असेल तर १५० मिलिवॉट अवरक्त किरण पिवळ्यात मिसळून येतात. त्यावर न शोषलेला ८०८. दोन वॉटच्या हेडमध्ये यातून दहा टक्के फुगवटा सहज होतो. मागणीपत्रात लिहा: ‘अवरक्त गाळून मोजलेली ५८८ ची शक्ती, एक तास चालवल्यानंतर, खोलीचं तापमान नमूद करून.’ एवढं वाक्य बऱ्याच पत्रकांतला आकडा खाली आणतं.

चढउतारांचीही मागणी करा. कॅव्हिटीच्या आत दुप्पट करणाऱ्या सगळ्या लेसरांना गोंगाट असतो, आणि इथे बेरजेमुळे १०६४ व ११७६ एकमेकांशी भांडतात. प्रतिमा घेण्यासाठी २ टक्क्यांच्या आत आरएमएस (चढउतारांची सरासरी पातळी) हवा. कुठल्या बँडविड्थमध्ये मोजला ते न लिहिलेला आकडा निरुपयोगी.

कोणी घ्यावा

एमचेरी नावाचं लाल प्रथिन वापरणाऱ्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला ५८८ जणू मापाने शिवलेला आहे, त्याचं उत्तेजन शिखर ५८७ ला. टेक्सस रेडसारख्या रंगांनाही चालतो. ५९३.५ नॅनोमीटरचे जे पिवळे पॉइंटर मिळतात ते १०६४ आणि १३४२ च्या बेरजेवर चालतात. दोन लेसर रेषांना एकाच क्रिस्टलमध्ये सांभाळायचं असल्याने त्यांची कार्यक्षमता याच्या जवळपासही येत नाही.

सोडियमच्या अणूंना उत्तेजित करायच्या कामासाठी घेऊ नका. पत्रकात ‘५८९’ लिहिलेलं असलं तरी व्हॅनाडेटचा रामन ५८८ च्या आसपासच थांबतो, आणि सोडियमची डी-२ रेषा ५८९.० वर, काही गिगाहर्ट्‌झ म्हणजे नॅनोमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी रुंद. एक नॅनोमीटरचा फरक तिथे मैलाचा आहे. त्या कामाला एनडी-याग (निओडिमियम मिसळलेलं याग क्रिस्टल) लेसरच्या १०६४ आणि १३१९ ची बेरीज किंवा ११७८ चा रामन फायबर अॅम्प्लिफायर लागतो. चिलीत पारानालच्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवर २०१६ पासून असलेले चार २२ वॉटचे लेसर याच दुसऱ्या जातीचे.

डोळ्यांच्या पडद्यावरच्या उपचारासाठी ५७७ हवा असतो, ऑक्सिहिमोग्लोबिनचं शोषणशिखर तिथे आहे. व्हॅनाडेट तिथे पोचत नाही. केजीडब्ल्यूची ७६८ प्रति सेंटिमीटरची रेषा ५७९ पर्यंत नेते, आणि क्रिस्टल ९० अंशांनी फिरवलं की ९०१ ची रेषा ५८८ देते. दोन रंग लागणाऱ्यांनी जास्तीच्या तोंडांची किंमत मोजून हा पर्याय बघावा. बेरियम नायट्रेटचा लाभांक या सगळ्यांत मोठा, पण उष्णता वाहून नेण्यात ते फार मागे आणि रंग ५९९ चा. हिरा उष्णतेच्या बाबतीत अतुलनीय, पण १३३२ प्रति सेंटिमीटरच्या उडीने १०६४ थेट ६२० वर म्हणजे लालात जातो. पिवळ्यासाठी त्याला १०१८ च्या आसपासचा पंप लागतो, आणि मग ते हेड या वर्गात राहत नाही.

चष्म्याबद्दल: हिरव्या लेसरचा नारिंगी चष्मा इथे चालत नाही, तो ५८८ आरपार सोडतो. ८०८, १०६४, ११७६ आणि ५८८ चारही तरंगलांब्यांना ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश किती अडतो त्याचं माप) लिहिलेला चष्मा हेडसोबतच मागवा. ऑर्डरमध्ये पुढचा आरसा आणि एलबीओ एकेक जादा घ्या, त्याच कोटिंगच्या बॅचमधले. वर्षभराने तोच आरसा मागवला तर त्याचा ११७६ चा आकडा तोच असेलच असं नाही, आणि वरचं सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.